लष्करातील एक जपानी शब्द

महाराज बाड्यावरून जनकगंजाच्या दिशेने पायी निघालेल्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसास एक खोड हमखास असते. तो दुकानांच्या आणि मोहल्ल्यांच्या पाट्या वाचीत जातो आणि मनातल्या मनात त्या दुरुस्त करीत जातो. आम्हांसही ती खोड आहे; व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे काहीशी अधिकच आहे. 'बाडा' हा मूळचा आपला 'वाडा'; हिंदी जिभेवर वकाराचा बकार झाला. 'फालका बाजार' हा फाळक्यांचा बाजार. हिंदीच्या तोंडी 'ळ' बसत नाही, तेव्हा फाळक्यांना तो येथे सोडून द्यावा लागला. 'शिंदे की छावनी' या वस्तीत मात्र शिंदे अजून शाबूत आहेत. आणि मौज अशी की, ज्या घराण्यामुळे त्या छावणीस ते नाव मिळाले ते घराणे स्वतः केव्हाच 'सिंधिया' होऊन बसले. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही, त्याचेच शहर झाले आणि शहराचे नाव लष्कर पडले. आमचे कोणी पूर्वज त्या तळाबरोबर दप्तर सांभाळीत आले, असे घरात सांगतात. दोनशे वर्षे तळावर राहिलेल्या माणसांची भाषा जशी व्हावी तशी आमची मराठी झाली आहे. सामान सगळे आहे, पण कोणती वस्तू कोणत्या पेटीत ठेवली ते शोधावे लागते.

या खोडीपायीच गेल्या पावसाळ्यात आम्ही एका पेचात सापडलो. ती हकिकत वाचकांस सांगावीशी वाटते.

गणेशोत्सवानिमित्त आमच्या वाड्यातील मुले एक हस्तलिखित काढतात. त्याचे संपादन परंपरेने आमच्याकडे आहे. शेजारच्या बिऱ्हाडातील एक मुलगी आमच्याच शाळेत नववीत शिकते. तिने दोन पानांचा लेख आणून दिला. मुलीचे नाव येथे लिहीत नाही. मात्र ते ज्या फुलाचे आहे त्यास मराठीत जुई म्हणतात आणि हिंदीत जूही, एवढे सांगणे पुढील हकिकतीसाठी अवश्य आहे. गेली तीन वर्षे ती जपानी कुस्ती शिकते आहे. लेखाचे शीर्षक होते 'माझा जूडो'. आम्ही लाल शाईने 'जूडो' खोडून 'ज्युदो' केले. दोन पानांत तो शब्द एकोणीस वेळा आला होता. एकोणिसाही वेळा केले. शिवाय हिंदी वळणाची वाक्ये होती, 'श' आणि 'ष' यांची अदलाबदल होती, कोठे 'ळ' हरवला होता. पाने लालेलाल झाली. ती तिच्या हाती देताना आम्हांस कर्तव्य केल्याचे समाधान होते, हेही नमूद करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी ती आली. रडली वगैरे नाही. खेळाडू मुलगी आहे. "काका, मी तर तसंच लिहिलं होतं जसं आमच्या बोर्डावर आहे," ती म्हणाली. "मराठीत माझं सगळंच चुकतं. मी हिंदीत लिहून देऊ का? नाहीतर राहू दे."

आमच्या लहानपणी या हस्तलिखितासाठी इतके लेख येत, की निवड करताना रुसवेफुगवे होत. यंदा मुलांकडून आलेले मराठी लेख तीन होते. त्यांतला एक 'राहू दे' म्हणत होता.

जाता जाता उंबऱ्यावर थांबून तिने विचारले, "पण काका, ज्यु का? आणि द का?" आम्ही उत्तर दिले, "मराठीत असेच लिहितात." हे उत्तर देणाऱ्या शिक्षकास खरे उत्तर ठाऊक नसते. तीस वर्षांच्या नोकरीत ते आम्ही इतरांच्या वर्गाबाहेर उभे राहून पुष्कळदा ऐकले आहे. म्हणून येत्या रविवारी तिच्याबरोबर तिचा सराव पाहण्यास जाण्याचे आम्ही ठरविले. तिच्या वडिलांना आश्चर्य वाटले, तिला संकोच वाटला. पण नाही कोणी म्हटले नाही.

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही निघालो. आषाढातले ढग किल्ल्यावर टेकले होते. बाड्यावरून फूलबागेत आले की झाशीच्या राणीची समाधी लागते. जून १८५८ मध्ये कोटा की सराय येथील लढाईत राणी पडली आणि तिचे दहन येथे झाले. आमचे राजकवी भा. रा. तांबे यांनी याच जागेवर उभे राहून वाटसरूस थांबण्यास सांगितले आहे. त्यामुळे ग्वाल्हेरचा मराठी माणूस येथून जाताना निदान पाऊल मंद करतो. समाधीच्या जवळच गंगादासांची मोठी शाळा आहे. ही शाळा म्हणजे विद्यालय नव्हे, साधूंचे स्थान. राणीचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून येथील साधू लढले आणि सातशे पंचेचाळीस साधूंनी प्राण दिले, असे परंपरा सांगते. त्यांची शस्त्रे अजून जपून ठेवलेली आहेत.

मुलीने विचारले, साधूंना लढता कसे येत होते? प्रश्न रास्त होता. साधूंच्या संघास आखाडा म्हणतात आणि कुस्तीच्या जागेसही आखाडा म्हणतात, हे तिला ठाऊक होते. दोन्ही शब्द एकच, हे मात्र तिच्या लक्षात आले नव्हते. संस्कृत 'अक्षवाट' म्हणजे मल्लांच्या झुंजीची आखलेली जागा. त्यापासून आखाडा झाला, आणि देवाचे नाव घेणारी पण अंगात बळ बाळगणारी मंडळी त्याच शब्दाखाली एकत्र आली. हा धागा तेथेच सोडावा लागला, कारण सहा वाजून गेले होते. परंतु तासाभरानंतर तो अनपेक्षितपणे पुन्हा हाती आला.

पडावचा पूल ओलांडून, स्टेशन मागे टाकून रेसकोर्स रस्त्याला लागले की लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था लागते. १८५७ च्या संग्रामास शंभर वर्षे झाली त्या १९५७ साली केंद्र सरकारने ती महाविद्यालय म्हणून सुरू केली. १९९५ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. लढता लढता पडलेल्या बाईचे स्मारक म्हणून पुतळ्यांखेरीज एक खेळ शिकविणारे विद्यालय उभारावे, ही कल्पना ज्या कोणास सुचली त्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. देशाच्या सर्व प्रांतांतील मुले तेथे येतात आणि ग्वाल्हेरच्या चहाच्या टपऱ्यांवर मणिपुरी, मल्याळी, हरियाणवी असे सर्व प्रकारचे हिंदी ऐकू येते. आमच्या मुलीचे सरावगृह त्याच बाजूस, थोडे पुढे एका गल्लीत आहे. दारावर पाटी होती: 'जूडो-कराते'. 'कराते' वाचून आम्हांस हसू आले. हिंदीत 'कराते' म्हणजे 'करवितात'. कोण काय करविते, हे मात्र पाटी सांगत नव्हती.

आत हिरव्या गाद्यांची जमीन होती. मुले दारात चपला काढून, कमरेत वाकून नमस्कार करून आत जात होती. आमच्या लहानपणी तालमीत शिरताना मातीला हात लावून तो कपाळी लावीत, त्याची आठवण झाली. पहिला अर्धा तास मुलांनी दुसरे काही केले नाही, नुसती पडत राहिली. मागे पडली, कुशीवर पडली, खांद्यावरून गोल लोळून पडली, आणि प्रत्येक पडण्याबरोबर तळहाताचा सपकन आवाज. या पडण्याच्या विद्येस 'उकेमी' म्हणतात. शब्दशः 'अंगाने घेणे, झेलणे'. पडणे नीट आल्याखेरीज कोणास पाडू देत नाहीत. मग पकडी सुरू झाल्या. एका मुलाने दुसऱ्यास पाठीवर घेऊन पुढे आपटले, तेव्हा आमच्या तोंडून नकळत "धोबीपछाड!" असे निघून गेले. प्रशिक्षकांनी वळून पाहिले आणि ते हसले. या डावास जपानीत 'सेओइ-नागे' म्हणतात, पाठीवर घेऊन फेकणे. धोबी मात्र त्यांच्याकडे नाही.

भिंतीवर एका चष्मेवाल्या जपानी गृहस्थांची तसबीर होती आणि तिच्याखाली दोन मोठी जपानी अक्षरे. तसबीर जिगोरो कानो यांची. १८६० साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १८८२ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, टोकियोतील एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत मूठभर शिष्यांसह आपली शाळा काढली. तिचे नाव कोदोकान. पुढे ते टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे दोन दशकांहून अधिक काळ मुख्याध्यापक होते, हे प्रशिक्षकांनी सांगितले तेव्हा आम्ही तसबिरीकडे नव्याने पाहिले. जगातील लक्षावधी माणसांना गादीवर आपटणारा हा मनुष्य पेशाने आमचाच जातभाई निघाला. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सभासद झाले. १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना जहाजावरच त्यांचा अंत झाला. त्यांची विद्या ऑलिंपिकात पोहोचली ती १९६४ साली, त्यांच्याच टोकियोत.

आता त्या दोन अक्षरांविषयी. जपानी लेखनात दोन थर आहेत. एक चिनी चित्राक्षरांचा. तो अर्थ सांगतो. दुसरा 'काना' या जपानी अक्षरमालेचा. तो उच्चार सांगतो. भिंतीवर चित्राक्षरे होती. पहिले 'ज्यू', म्हणजे मऊ, लवचिक, वाकणारे. त्याची घडण पाहिली तर वर भाला आणि खाली झाड. भाल्याचा दांडा व्हावा अशा झाडाचा चिवटपणा त्यात असावा, असे आम्ही मनाशी म्हटले. चित्राक्षरांच्या बाबतीत असे मनाशी म्हणणे धोक्याचे असते, हेही मान्य. जोराने अंगावर येणाऱ्यास विरोध न करता वाट द्यायची आणि त्याच्याच जोराने त्यास पाडायचे, हे त्या मऊपणाचे मर्म. बर्फाच्या भाराने ताठ फांदी मोडते आणि विलोची फांदी वाकून भार झटकून टाकते, अशी जपानी कथा प्रशिक्षक सांगू लागले. महापुरात लव्हाळे का वाचते हे ज्याने बालपणी तुकोबांकडून ऐकले त्या मराठी माणसास ती परकी वाटण्याचे कारण नाही.

दुसरे अक्षर 'दो', म्हणजे मार्ग. आमच्या शाळेतील शिपायाने याआधीच एक व्युत्पत्ती दिली होती: "सर, दो जन लड़ते हैं, इसलिए जू-दो." ती विसरावी लागली. कानोंच्या आधी ही विद्या 'जुजुत्सु' या नावाने चालत असे. 'जुत्सु' म्हणजे तंत्र, कसब. कानोंनी 'जुत्सु' काढून 'दो' घातले. कसबाचा मार्ग झाला. आपल्याकडे भक्तिमार्ग म्हणताना जो मार्ग असतो त्या जातीचा. तायक्वांदो, आयकिदो, केंदो या सर्वांच्या शेपटास हेच 'दो' आहे. गमतीची गोष्ट अशी की, मराठीत तायक्वांदो लिहिताना आपण न चुकता 'द' लिहितो, मग जपानी भावंडाच्या वेळीच कोठून तरी 'ड' येतो.

हा 'ड' लंडनहून येतो. जपानी माणूस 'द' उच्चारताना जीभ दातांशी नेतो, अगदी आपल्यासारखी. इंग्रज ती दातांच्या मागे वर टेकवितो, आणि आपल्या कानास तो 'ड' ऐकू येतो. म्हणून डॉक्टर, म्हणून रेडिओ. आपण हा शब्द जपानकडून न घेता इंग्रजी पुस्तकांतून घेतला, म्हणून जूडो. 'कराटे'चेही तसेच. मूळ शब्द 'काराते', त्यात 'ट' नाही. एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी आम्हांस एकदा छातीठोकपणे सांगितले होते की, 'कर' म्हणजे हात, म्हणून कराटे ही मूळची भारतीय विद्या. वस्तुस्थिती अशी की, 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ते' म्हणजे हात. हात आहे, पण आमच्या स्नेह्यांनी धरला त्याच्या उलट्या टोकास. शिवाय हा 'रिकामा'ही पुढचाच. पूर्वी तो 'कारा' चीन देशाच्या अर्थाच्या चित्राक्षराने लिहीत, चिनी हात या अर्थाने. १९३० नंतरच्या दशकात उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले आणि चिनी हात रिकामा झाला. शब्द ऐकणारास काहीच कळले नाही, वाचणारास मात्र देशांतर घडले.

'जुजुत्सु' या शब्दाचे बंगाल्यांनी जे केले ते तर याहून बहारीचे. रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो या जपानी शिक्षकास आणि १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या कानोंच्या शिष्यास शांतिनिकेतनात आणले. बंगालीत ही विद्या 'युयुत्सु' अशी लिहितात. तेथे शब्दारंभीच्या 'य'चा उच्चार 'ज' होतो, त्यामुळे वाचताना बरोबर 'जुजुत्सु' असेच म्हटले जाते; आणि लिहिताना मात्र महाभारत हजर होते. युयुत्सु हा धृतराष्ट्राचा पुत्र, युद्धाच्या आरंभी पांडवांकडे आलेला. आणि शब्दाचा अर्थ, युध् धातूच्या इच्छार्थक रूपापासून, लढण्यास उत्सुक. जपानी शब्दाचा अर्थ मऊपणाचे तंत्र, आणि त्यास मिळालेला संस्कृत पोशाख भांडायला निघालेल्याचा! शुद्धलेखनाच्या नावाने असा अर्थ उलटा होऊ शकतो, हे आम्ही मुलीस सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

पण संस्कृतचा खरा धागा दुसरीकडे निघाला. सरावगृहास जपानीत 'दोजो' म्हणतात, मार्गाची जागा. हा शब्द कुस्तीसाठी जन्मलेला नाही. बुद्धास ज्या स्थानी बोध झाला त्यास संस्कृत बौद्ध ग्रंथांत 'बोधिमण्ड' म्हणतात. त्याचे चिनी भाषांतर करताना 'मार्गाची जागा' अशी दोन अक्षरे योजली गेली, ती जपानात मठांच्या ध्यानगृहांसाठी गेली आणि तेथून तलवारबाजी व कुस्ती शिकणाऱ्यांच्या गाद्यांपर्यंत आली. ध्यानाचे पाली 'झान', चिनी 'चान' आणि जपानी 'झेन' झाले, त्याच वाटेने. फूलबागेत सोडलेला धागा आम्हांस येथे सापडला. आपल्याकडे मल्लांच्या आखाड्याचे नाव साधूंनी घेतले, तिकडे साधूंच्या ध्यानस्थानाचे नाव मल्लांनी घेतले. आणि आपली 'तालीम'? मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकविणे. ग्वाल्हेरच्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्यास 'तालीम' म्हटले की शाळा आठवते आणि मराठी माणसास लाल माती. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा एका वृद्ध मौलवी साहेबांनी "आप तालीम के महकमे में हैं?" असे विचारले होते, आमच्या डोळ्यांपुढे क्षणभर लंगोट आला, हे कबूल केले पाहिजे.

राहता राहिला 'ज्यु'. यासाठी आम्ही सरावगृहातच जमिनीवर बसलो. प्रशिक्षकांकडे जपानी अक्षरमालेचा एक तक्ता होता. त्यात 'ज्यु' शोधला, तर त्यासाठी एक अक्षर नाहीच. 'जि' हे अक्षर लिहितात आणि त्याच्या पायाशी लहानसा 'यु' लिहितात. दोन्ही मिळून 'ज्यु'. म्हणजे आपण देवनागरीत जसे ज ला य जोडून लिहितो, जवळजवळ तसेच. मुलीने तक्ता हातात घेतला. पुढे एक स्वर जोडून तो 'ज्यू' असा लांबवितात आणि 'दो'ही तसाच लांबवितात. आपल्याकडे शेवटचा स्वर दीर्घ असला की त्याआधीचा उकार ऱ्हस्व लिहावा असा १९६२ च्या लेखननियमांचा संकेत, जुना, चुना, हुतुतू यांसारखा. म्हणून 'ज्यु' ऱ्हस्व. कोणी 'ज्यूदो' असे दीर्घ लिहिले तर तो जपानी उच्चाराच्या अधिक जवळ गेला, असे म्हणून आम्ही त्यास पूर्ण गुण देऊ.

"पण मग जूडोमध्ये काय वाईट आहे?" मुलीने विचारले. "ज म्हणजे जच ना?"

येथे खरी गाठ होती, आणि ती सोडविताना आमचाच हात अडकला. मराठीत 'ज' एक नाही, दोन आहेत. जीव, जेवण, जय यांतला एक, टाळूचा. जुना, जवळ, जाळे, जाई यांतला दुसरा, दातांचा. हिंदीत पहिलाच आहे. मराठी माणसाने नुसते 'जु' पाहिले की त्याची जीभ जुना, जुळा या सवयीने दातांकडे धावते. तिला टाळूकडे वळविण्यासाठी मधे 'य' घालतात. तो 'य' म्हणजे वाटाड्या. हिंदी लेखकास वाटाड्याची गरज नाही, कारण त्याच्याकडे वाट एकच आहे. आम्ही प्रशिक्षकांच्या फळ्यावर शब्द लिहिले आणि तिला वाचण्यास सांगितले: जुना. जवळ. जाळे. तिने सगळे टाळूने वाचले, हिंदी पद्धतीने. शेवटी आम्ही तिचे स्वतःचे नाव लिहिले. तेही तिने तसेच वाचले.

आम्ही थांबलो. ज्या मुलीच्या जिभेवर 'ज' एकच आहे तिने 'जूडो' लिहिले तर ते तिच्या कानाशी पूर्ण प्रामाणिक होते. आमची एकोणीस ठिकाणची लाल शाई जी वाट दाखवीत होती, ती वाटच तिच्या घरातून बुजत आली होती. आणि ती बुजविण्यात आमचा वाटा नाही, असेही म्हणता येईना. त्याच रात्री घरी आम्ही मुद्दाम कान देऊन ऐकले. आमचा मुलगा फोनवर बोलताना 'जवळ' टाळूने म्हणतो. दिवसभर शाळेत हिंदी बोलून आलेले आम्ही 'जास्त' कसे म्हणतो, ते सौभाग्यवतींनी आम्हांस ऐकविले. त्याचा तपशील येथे देत नाही.

परतताना रिक्षेत मुलीने आणखी एक प्रश्न विचारला. "काका, मग जून महिना ज्यून का नाही लिहीत?" भेंडी जून झाली म्हणताना दातांचा ज आणि जून महिना म्हणताना टाळूचा, लिहिताना दोन्ही सारखेच. लिपीने तेथे आळस केला, एवढेच खरे उत्तर होते, आणि ते आम्ही दिले. तिला ते उत्तर फार आवडले. नियमाने लिहिणाऱ्या मोठ्या माणसांची लिपी आळशी असते, ही बातमी तिने घरी जाऊन सर्वांना सांगितली.

जिन्याखाली तिची आजी निवडणटिपण करीत बसली होती. तिने नातीला हाक मारली. हाकेतला ज दातांचा, स्वच्छ, साठ-सत्तर वर्षांत झिजला नाही असा. मुलगी जिन्यावर थांबली. जन्मापासून ती तीच हाक ऐकत आली होती. आज तिने ती तोंडात घोळवून पाहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. आजीला वाटले, नात चेष्टा करते आहे, आणि तिने रागे भरले.

लेख चार दिवसांनी परत आला. तिने तो मराठीतच ठेवला होता. शीर्षकात 'ज्युदो' होते, कारण, तिने सांगितले, जपानीसुद्धा ज ला यु जोडतात. आमचे मराठी नियम तिला पटले नव्हते, जपानी तक्ता पटला होता. काही हरकत नाही. ग्वाल्हेरच्या मुलीस मराठी 'य'कार टोकियोच्या वाटेने मिळाला तर तेवढा वळसा आम्ही चालवून घेऊ. लेखात तिने सीहोरच्या कपिल परमार यांच्याविषयी एक परिच्छेद नवा घातला होता. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये दृष्टिबाधित खेळाडूंच्या ६० किलो गटात त्यांनी ब्राझीलच्या खेळाडूस हरवून कांस्यपदक मिळविले; या खेळात ऑलिंपिक वा पॅरालिंपिक मिळून भारताचे ते पहिलेच पदक, आणि आमच्या मध्य प्रदेशातले. ज्यास प्रतिस्पर्धी नीट दिसत नाही तो त्याच्या अंगरख्याच्या ओढीवरून त्याचा जोर ओळखतो, असे तिने लिहिले होते. त्या वाक्यात दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. लाल शाई आम्ही टेबलाच्या खणात ठेवली होती; पेन्सिलीने दोन बारीक ठिपके दिले आणि ते तिनेच दुरुस्त केले.

सप्टेंबरात विभागीय शालेय स्पर्धा झाल्या आणि तिचा दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्र मुख्याध्यापकाच्या सहीसाठी आमच्या टेबलावर आले. त्यावर खेळाचे नाव 'जूडो' आणि खेळाडूचे नाव 'जूही'. पहिलीत प्रवेशाच्या वेळी कोणा बाबूने नोंदवहीत तसे लिहिले, ते पुढे सर्वत्र तसेच चालत आले. नोंद बदलायची तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात, मग आधार कार्ड आणि मंडळाची नोंदणी. तिच्या वडिलांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ, पुढे गुणपत्रिकेशी जुळलं नाही तर पोरीला त्रास." ते 'जुळलं' त्यांनी टाळूने म्हटले. आम्ही सही केली.

ते प्रमाणपत्र आता त्यांच्या घरी देवघराच्या बाजूच्या भिंतीवर आहे. आल्यागेल्यास आजी ते चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखविते. कागदावर जूही असले तरी आजी जुईच वाचते, आणि तो ज आमच्या भिंतीतून इकडे ऐकू येतो.